तिसरा ट्रॅक

सकाळी सातला मोहाडीच्या पॅकहाउसात
पट्टा आवळून पिशवी खांद्याला लावतो.
मिक्सर, रेकॉर्डर, दोन रिसीव्हर, बॅटऱ्या.
वजन चार किलो लिहिलंय,
पण उन्हं कलेपर्यंत ती
झोपलेल्या पोरासारखी जड होते.

एक नंबरवर बूम, त्याला केसाळ टोपरं.
बायका हसतात : काठीला बोका बांधलाय.
दोन नंबरवर मालक.
तीन नंबरवर ठकूबाई भोये, सुरगाण्याकडच्या.
माइक लावताना पदर त्यांनीच धरला,
मी खालून वायर दिली, त्यांनी आतून ओढून घेतली.
ट्रान्समीटर कमरेला, चुन्याच्या डबीशेजारी.
"तापतं का हे?"
"तापेल थोडं."

मालक बोलतात. रॉटरडॅम, साखर, सोळा मिलिमीटरचा मणी.
मध्येच ओझरचं विमान.
मी हात वर करतो,
आणि सगळे असे बघतात, जसं मीच उडवलं.
पुन्हा घ्या. पुन्हा.
कोल्ड स्टोअरेजचा कंप्रेसर बंद करता येत नाही,
आत लाखांचा माल गारठून बसलाय;
मग लो-कट लावायचा आणि देवाचं नाव घ्यायचं.

जेवणाची सुट्टी झाली.
मला कुणी सांगितलं नाही,
हेडफोन होते तसेच कानावर.

तीन नंबरवर पावलं.
वाळलं गवत. टाकीचा गळका नळ.
मग फोनची बटणं, एकेक, मोजून, दहा.
"आश्रमशाळा का? भोयेच्या पोरीला बोलवा. सातवीतल्या."
नंतर बराच वेळ काही नाही.
त्या काही-नाहीत
श्वास लुगड्याला घासत होता.
"ताप उतरला का? ... बाईंना सांग कपाळ बघायला.
रविवारी येते.
येते म्हणले ना.
इथं बरंय गं. इथं आज माझा पिक्चर काढतात."

बटण अंगठ्याखालीच होतं.
खरं सांगतो, मी ते दाबलं नाही.
आवाज चांगला होता.
ना विमान, ना कंप्रेसर, दोघांमध्ये टाकीची भिंत.
इतका स्वच्छ आवाज
दिवसभरात कुणाचा मिळाला नव्हता.

मग लाज वाटली, फेडर खाली ओढला.
कानात शांतता.
पण हे लोकांना माहीत नसतं :
फेडर खाली केला की आवाज फक्त मिक्समधून जातो.
तिसरा ट्रॅक फेडरच्या आधीच उचलतो सगळं,
मान खाली घालून लिहीत राहतो
तलाठ्यासारखा.
पडद्यावर हिरवी पट्टी हलत होती.
थांबत होती. हलत होती.
आता ती बोलत होती की दुसरं काही करत होती
ते पट्टीवरून कळत नाही.

तेव्हा दाबलं बटण.
फाइल म्हणते, दोन मिनिटं अकरा सेकंद.

चारला मी जागेचा आवाज मागितला.
तीस सेकंद कुणी बोलू नका, हलू नका.
चाळीस कात्र्या थांबल्या.
एक खोका आपोआप कुरकुरला.
सगळ्या माझ्याकडे बघत होत्या,
ठकूबाई पत्र्याकडे.

माइक काढून देताना म्हणाल्या,
"यात काय काय जातं?"
"तुम्ही कॅमेऱ्यापुढं बोललात तेवढंच."
ट्रान्समीटर हातात घेतला,
अजून गरम होता.

रात्री द्वारकेजवळच्या लॉजवर
बॅटऱ्या चार्जिंगला लावून रिपोर्ट भरला.
फाइल पुसायचा अधिकार मला नाही,
कार्ड प्रॉडक्शनचं असतं.
सतरा नंबरपुढे लिहिलं :
विमान. वापरू नये.

सकाळी कौस्तुभनं चहा घेता घेता विचारलं,
"जेवणाच्या वेळी कुठलं विमान रे?"
म्हटलं, लांबून गेलं.
तुम्हाला ऐकू आलं नसेल.