पुलावर टप्पा नाही

पाच वीसची मंचेरियाल गाडी.
सोमवार, गुरुवार माझी ड्यूटी,
आणि सोमवार, गुरुवारच त्यांचं रक्त धुवायचं.
तिघं असतात, दाराजवळच्या बाकांवर :
राजक्का दुर्गम, तिच्यामागे पोचम मास्तर,
आणि टमटमनं येणारा किष्टय्या, जेमतेम तिशीचा.

पहिल्या दिवशी राजक्काला वर घ्यायला हात धरला
तर किंचाळलीच, हा नको बाई, हा नको!
मग तिनंच माझी बोटं आपल्या डाव्या मनगटावर ठेवली.
कातडीखाली काहीतरी थरथरत होतं,
डेपोत गाडी उभी करून
इंजिन चालू सोडावं तसं.
"हे बंद पडलं का मी बंद," म्हणाली,
आणि कनवटीचे सुटे पैसे मोजू लागली.

बाईला अर्धं तिकीट, ते पुलापर्यंत.
प्राणहिता ओलांडली की बाई पूर्ण.
मास्तर पंच्याहत्तरीपार, त्यांना फुकट, तेही पुलापर्यंत.
किष्टय्याला सूट कुठंच नाही,
तो नुसता आजारी आहे.
मशीन दोन दोन कागद काढतं,
एक अलीकडचा, एक पलीकडचा.
नदीला हे ठाऊक नाही, असं मास्तर म्हणतात.
दर खेपेला म्हणतात.

आमच्या दवाखान्यात मशीन आलंय, नाही असं नाही.
दोन उन्हाळे झाले, अजून प्लास्टिकातच आहे.
पाण्याचं यंत्र बसायचंय, चालवणारा माणूस यायचाय,
विचारलं तर जिल्ह्याला विचारा म्हणतात.
जिल्हा दोनशे किलोमीटर,
आणि तो रस्ता म्हणजे
इथं कधीकाळी रस्ता होता, एवढीच खूण.

मे महिन्यातला गुरुवार.
पुलाच्या मधोमध गाडीनं दम सोडला.
वाघाडे ड्रायव्हरनं बोनेट उघडलं,
खर्रा थुंकला, म्हणाला, पट्टा गेला जी.
माझा फोन अलीकडचा टॉवर धरत होता,
किष्टय्याचा पलीकडचा.
माझा एकशेआठ पुण्यात वाजला,
त्याचा हैदराबादेत, तेलुगूत.
दोन्हीकडून एकच सवाल :
पूल कोणत्या गावात येतो?

किष्टय्यानं बाटली काढली.
अर्ध्या लिटरची, पेनानं रेघा मारलेली,
सकाळ, दुपार, रात्र.
झाकणभर पाणी तोंडात घेतलं
आणि बराच वेळ गिळलंच नाही.
खाली नदी होती.
रेतीच जास्त, पण होती.

मागून वरंगलच्या बाजारात निघालेला
मिरचीचा पिकअप आला. सगळ्यांना ठसका.
राजक्का रस्त्यात आडवी उभी राहिली,
त्याला तेलुगूत काय बोलली, मला निम्मं कळलं,
उरलेलं निम्मं शिव्या असावं.
मास्तर पुढे बसले, ही दोघं पोत्यांवर,
शिंकत, डोळे पुसत.
कुणाचा धक्का नको म्हणून
तिनं डावा हात डोक्यावर उंच धरला होता.
लांबून वाटलं,
घंटीची दोरी ओढतेय.

सांजच्याला डेपोत हिशेब.
प्रवासी कुठं उतरले, ते मशीनला सांगावं लागतं.
अलीकडचा शेवटचा टप्पा आहे,
पलीकडचा पहिला आहे.
पुलावर टप्पा नाही.
मी पलीकडचा आकडा दाबला.
साहेब म्हणाले, गाडी तर पलीकडे गेलीच नाही.
म्हटलं, गाडी नाही गेली साहेब.
त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.
मेमो अजून आलेला नाही. येईल.

सोमवारी पाच वीसला तिघं उभी.
मी उजव्या हाताला धरून राजक्काला वर घेतलं.
तिनं पदराची गाठ सोडली,
मूठभर लाल मिरच्या,
पिकअपवाल्यानं दिलेल्या.
"मले चालत नाही," म्हणाली,
"तू घेऊन जा."
मी तिकिटाच्या पिशवीत टाकल्या.
दिवसभर सुटे पैसे देताना
लोक बोटं हुंगत होते.