लिफ्टचं नाणं

तिबिलिसीच्या उत्तरेला, ग्ल्दानीतल्या त्या इमारतीची लिफ्ट
पैसे घेतल्याशिवाय जागची हलत नाही.
दाराशेजारी पत्र्याची पेटी, पेटीला चीर,
चिरेत वीस तेत्री टाकले की कण्हत निघते.
हे अ‍ॅपला माहीत नाही.
अ‍ॅपला अंतर कळतं,
उंची कळत नाही.

त्सिआला बाईंना कळते.
मी स्कूटर लावून वर बघायचा अवकाश,
नवव्या मजल्याची खिडकी उघडते
आणि एक तपकिरी मोजा खाली येतो,
पोटात नाणं, गळ्याला गाठ.
वाळत घातलेल्या चादरी चुकवत
बरोब्बर माझ्या पायाशी.
मोजा परत द्यायचा, हा नियम.
त्याचा जोडीदार त्यांच्या डाव्या पायात असतो.

ऑर्डर त्या करत नाहीत.
ऑर्डर येते इटलीतून, बारीहून.
लेक खातूना तिथे दुसऱ्याच कुणाच्या आईला
आंघोळ घालते, भरवते, कूस बदलून देते,
आणि ती झोपली की
अंगठ्याने आपल्या आईचा बाजार करते:
राजमा, एक पाव, रक्तदाबाच्या गोळ्या,
साठ वॅटचा बल्ब (जमल्यास लावून द्या).
कंसातलं काम फुकटचं.
मी लावून देतो.

ईस्टरच्या आदल्या गुरुवारी
तिची ऑर्डर आली: काडेपेटी, एक.
खाली सूचना:
आई सकाळपासून फोन उचलत नाहीये. दार जोरात वाजवा.

मी खाली उभा राहिलो. वर बघितलं.
खिडकी बंद. मोजा नाही.
स्वतःचे वीस तेत्री टाकले.
लिफ्ट चौथ्यावर उगाच थांबली,
सातव्यावर दिवा गेला,
आणि माझ्या हातातली काडेपेटी
खुळखुळायला लागली, मी हलवत नसताना.

दार पहिल्या थापेला उघडलं.
धडधाकट. हात कोपरापर्यंत लाल,
गॅसवर मंजिष्ठाच्या पाण्यात अंडी उकळत होती.
"बिचो," म्हणाल्या, म्हणजे पोरा,
"सहावा ईस्टर. यंदाही येत नाही ती.
तिला कळव, मी घरात नव्हते."

अ‍ॅपमध्ये दोनच बटणं:
माल पोचला. ग्राहक भेटला नाही.
समोर ग्राहक, कमरेवर लाल हात ठेवून,
माझ्या अंगठ्यावर नजर.
खोटं दाबावं तर पाच देशांपलीकडे
एक बाई रात्रभर भिंतीला टेकून बसणार.
खरं दाबावं तर
पुढच्या बल्बाला मला कोण स्टुलावर चढू देणार?

मग मी कामाचं निमित्त काढलं.
"फोटो काढावाच लागतो, नियम आहे."
काडेपेटी उंबरठ्यावर ठेवली,
जरा इकडे, जरा तिकडे,
आणि काढला.
काडेपेटी पुसटच आली.
कडेला मात्र एक पाय स्पष्ट,
तपकिरी मोजा, अंगठ्यापाशी भोक,
भोकातून डोकावणारं नख.
काही न बोलता मी पहिलं बटण दाबलं.
त्यांनी बघितलं का, ठाऊक नाही.
मला एक लाल अंडं दिलं, इतकं गरम
की दोन मजले मी ते
या हातातून त्या हातात करत उतरलो.

स्कूटरपाशी पोचेतो बारीहून उत्तर:
भोक पडलंय. किती मापाचे घालते ती?
मला सांगता आलं असतं.
पण तेवढ्यात पिझ्झाची ऑर्डर आली होती,
आणि पिझ्झाला घड्याळ असतं.

मोज्यांची ऑर्डर शनिवारी गेली, गोचाकडे.
तो जवळ होता म्हणे, तीनशे मीटर.
संध्याकाळी मेट्रोच्या तोंडाशी
आम्ही स्कूटरी लावून सूर्यफुलाच्या बिया फोडत होतो,
तेव्हा तो सांगत होता सगळ्यांना:
"ग्ल्दानीत एक म्हातारी आहे, वेडी.
नवे मोजे घेऊन गेलो तर
वरून जुना मोजा फेकून मारला डोक्यात!
मी हातसुद्धा लावला नाही.
नऊ मजले पायी चढलो,
सुट्टे नव्हते."