तेलाची परतवाट

दिवसा मी विमा कंपनीच्या सर्व्हेयरबरोबर फिरते,
चेपलेल्या गाड्यांचे फोटो काढते
आणि रकान्यात लिहिते : टोटल लॉस.
अक्षर माझं चांगलं आहे.

रात्री साडेआठनंतर कुर्ल्यात, काजूपाड्याच्या उतारावर,
वालेरियनच्या गाळ्यात
एस्टीमचं तेराशे सीसीचं इंजिन साखळीला टांगलेलं असायचं.
अठरा हजारांना मिळालं, पाण्याच्या पंपासकट.
स्वभावानं गरीब.
दोन मोठी माणसं, दोन पोरं, टपावर बांधलेली गादी,
एवढं ओढायला जन्मलेलं.
त्याच्याच धुरावर आम्ही एक भोवरा फिरवणार होतो
आणि त्या भोवऱ्यानं दीडपट हवा त्याच्या छातीत कोंबणार होतो.

भोवरा डिझायरचा. डिझेल, टॅक्सी परवाना,
चार लाख किलोमीटर, बहुतेक विमानतळ ते ठाणे.
मुस्तकीम म्हणाला, "बोट लावून बघा ना मॅडम, दांडी हलते का."
लावलं. हलली,
नखाएवढी नाही, नखातल्या मळाएवढी.
साडेसहा सांगितले, चार दिले,
वर एक बँजो बोल्ट मागून घेतला.

बाबल नार्वेकरांनी लेथवरून मान न उचलता विचारलं,
"नाकापेक्षा मोती जड नाही ना होणार?"
"होणार. म्हणून तर तुमच्याकडे आले."
दाब उतरवायला हेडखाली तांब्याचं पत्रं हवं होतं.
तांबाकाट्यावरच्या दुकानदाराला वाटलं,
देव्हाऱ्याला मढवायला नेतेय.
त्यानं आतून चकचकीत काढून दिलं, पैसे घेण्याआधी कपाळाला लावलं.
नार्वेकर त्यातली चार भोकं चार संध्याकाळी कापत बसले.

इंजेक्टर सिटीचे. तिचा मालक अजून केस लढतोय.

इंटरकूलर स्कॉर्पिओचा, आणि ती स्कॉर्पिओ मला आठवत होती :
कसाऱ्याच्या वळणावर आडवी, एक चप्पल सीटखाली.
तिचा रकाना मीच भरला होता.
जाळीत घाटातले किडे अजून अडकलेले,
काहींचे पंख शाबूत.
मी उदबत्तीच्या काडीनं एकेक काढत बसले.
वालेरियन म्हणाला, "हवा मार ना, मिनिटात होईल."
मी काही बोलले नाही.
तोही मग टॉर्च धरून उभा राहिला.

रविवारी चावी फिरवली.
सुरू झालं, आणि गाळा निळ्या धुरानं भरला.
शेजारचा फरसाणवाला ओरडत आला,
त्याच्या शेवेला ऑइलचा वास लागला होता.
अर्धा किलो शेव विकत घ्यावी लागली.

तीन रात्री सगळं उघडून बसलो. सील धड, दांडी धड.
चौथ्या रात्री नार्वेकर कण्हत कण्हत खाली वाकले,
चष्मा कपाळावर ढकलला :
"आत धो धो पाठवतेस. परत कुठून यायचं त्यानं?"
माउंटिंग चुकवायला मी परतीचा पाइप
दोन बोटं वर वळवला होता.
"तेलाला कुणी चढ चढायला सांगतं का गं?"

जेसीबीचा एक वीतभर होज, फुकट,
सरळ खाली, चेंबरपर्यंत.
धूर थांबला.

रात्री दोनला सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्ता.
तिसरा गिअर, अठ्ठावीसशे,
आणि बॉनेटखाली शीळ सुरू झाली,
बारीक, कुणी दातांतून घालावी तशी.
पाठ सीटला चिकटली.
मागे बसलेले नार्वेकर एकच शब्द बोलले,
तो इथे लिहिता येणार नाही.

सोमवारी भिवंडीचं यार्ड. समोरून गेलेली एक पांढरी स्विफ्ट.
फोटो झाल्यावर मी बॉनेटच्या फटीतून हात घातला,
होज बाजूला सारून दांडीला बोट लावलं.
साहेब म्हणाले, "काय शोधतेस? रकाना भर."
भरला.

वालेरियनचे आर्गनचे बाराशे अजून द्यायचेत.