मुदत

शारजात सगळ्याला मुदत असते.
दुधाच्या बाटलीला, मजुराच्या कार्डाला,
गादीखाली जपलेल्या भाडेकराराला.
दोन-दोन वर्षांच्या शिक्क्यांवर मी एकवीस वर्षं राहिलो,
डक्ट बनवणाऱ्या कंपनीत, स्टोअरकीपर.
त्यातल्या चौदा वर्षांचे शुक्रवार
अबू शगाऱ्यातल्या एका जिन्याचे.

मुईझ परकार. मूळ दाभोळकडचा.
वय नऊ, पुढचे दात किडलेले.
चेक वटला नाही म्हणून बाप आत,
फी भरली नाही म्हणून शाळेने नाव कापलेलं.
आई चपात्या लाटून द्यायची, शेकड्यावर.
तिने मला एवढंच विचारलं,
"किती दिवस येशील, भाऊ?"
बरेचजण येऊन गेले होते तिच्याकडे,
वह्या देऊन, फोटो काढून,
रमजानात तांदळाची पिशवी टेकवून.
म्हटलं, व्हिसा आहे तोवर.
ती हसली.
व्हिसा पुढच्या मार्चपर्यंतच होता.

शिकवायला मला काय येत होतं?
स्टोअरमधून पत्र्याच्या उरलेल्या पट्ट्या नेल्या,
पाऊण इंच, सव्वा, दीड.
पाऊण इंचाने एकदा त्याचं बोट कापलं,
तेव्हा कुठे अपूर्णांक लक्षात राहिला.
बापाचा फोन आला की
त्या आठवड्यात येणारे पाढेही यायचे नाहीत.
मग आम्ही नुसते बसायचो,
खिडकीतल्या ए.सी.चं पाणी बादलीत ठिबकताना ऐकत.

चौथ्या वर्षी माझ्या पाकिटातले चाळीस दिरहम गेले.
मी बोललो नाही. तोही बोलला नाही.
पुढच्या शुक्रवारी दार उघडलं नाही.

चौथा मजला, लिफ्ट बंद.
मी पायरीवर बसलो.
खालून आणलेले दोन करक,
एक प्यायलो, दुसऱ्यावर साय धरली.
आत टीव्हीचा आवाज कमी झाला,
म्हणजे कुणीतरी ऐकत होतं.
साडेपाचला उठलो.
पुढच्या शुक्रवारी पुन्हा. त्याच्या पुढच्याही.
वॉचमन मन्नानभाईला वाटलं, माझी उधारी अडकली आहे.
मी हो म्हटलं.

तेराव्या शुक्रवारी दाराला फट पडली.
"काका, चहा गार झाला असेल."
"झालाय."
तो बाहेर आला, माझ्या शेजारी बसला
आणि तसाच प्यायला, सायीसकट.
चाळीस दिरहमांचा विषय
आम्ही अजून काढलेला नाही.

यापुढचं लोकांना आवडतं, म्हणून थोडक्यात सांगतो.
बाहेरून दहावी, गणितात एकदा उडाला, मग निघाला.
बाप सुटून आला, महिनाभर खिडकीशी बसून होता.
बारावी. एसी-फ्रिजचा डिप्लोमा.
आता मुईझ गच्च्यांवरचे चिलर दुरुस्त करतो,
पन्नास डिग्रीत, डोक्याला ओला पंचा बांधून.
आई अजून लाटते, पण शेकड्यावर नाही.

लोक म्हणतात, तुम्ही घडवलंत त्याला.
मी पत्रा घडताना जन्मभर पाहिलाय,
दाब दिला की वाकतो.
हा पोरगा वाकला नाही कधी.
मी फक्त जिना चढत राहिलो,
गुडघे कुरकुरायला लागले तरी.

साठीला माझीच मुदत भरली.
विमानतळावर त्याने माझं खोकं काट्यावर ठेवलं,
आकडा वाचला आणि म्हणाला,
"तीस किलोला पाव किलो कमी आहे, काका,"
आणि खिशातून खजुराचा पुडा काढून वर खोचला.
घरूनच मोजून आणला होता.

देवरुखात आता शुक्रवारी पाचला फोन वाजतो.
तिथले साडेतीन.
परवा सांगत होता, पलीकडच्या इमारतीत
सहाव्या मजल्यावर एक पोरगी आहे, आठवीतली.
आई दुसऱ्याच्या घरी राहून कामाला, मामाकडे ठेवलीय.
विज्ञान शिकवतो तिला.
तीन आठवडे दार उघडत नाही.
"काय करू?"

मी थोडा वेळ काहीच बोललो नाही.
मग विचारलं, "लिफ्ट चालू आहे?"
"नाही."
"मग चहा झाकण लावून घे," म्हटलं. "दोन."