पाच आठवडे वजा

दर महिन्याला, खालच्या दवाखान्यात,
नर्स फ्लोरिंदा वजनकाटा पुसायची
आणि आईला म्हणायची,
"सातुर्निना, थोरलीचंही कार्ड आण."

माझं कार्ड. बिस्किटांच्या डब्यातलं, तेलकट डागाचं.
त्यावरची माझी रेघ अल्पाकांच्या पायवाटेसारखी
न थांबता वर गेलेली.
अकराव्या महिन्यात चालले.
वर्षाची होताना "याकू" म्हणाले,
पाणी मिळालं.

हिलारिओ आणि फर्मिन रेघेच्या खाली.
"पाच आठवडे आधी आलेत,
वयातून तेवढे वजा करायचे," फ्लोरिंदा म्हणायची.
आई बोटांवर वजा करायची,
वाटेत चढणीवर पुन्हा मिळवायची.
जगलेले दिवस कसे वजा करायचे?

पाठीवरच्या लिक्लीत एकच मूल मावतं.
मी तिथून सगळा डोंगर पाहिला,
कुस्कोकडे जाणारे ट्रकसुद्धा,
आईचा आवाज तिच्या हाडांतून ऐकला.
ते पाळीपाळीने पाठीवर.
ज्याची पाळी नसे
तो पोत्याशेजारी, गप्प,
दुसऱ्याच्या रडण्याकडे कान लावून.

दोन वर्षांचे झाले तरी "याकू" नाही.
एक म्हणायचा "तिफ", दुसरा कप आणून द्यायचा.
"तिफ-तिफ" म्हणजे वारा,
किंवा: ती आली, सावध.
काय म्हणताहेत गं? आई विचारायची.
मी ठोकून काहीतरी सांगायचे.
खरं तर मला दारातच उभं केलं होतं त्यांनी.

आमच्या केचुआत 'आम्ही' वेगळं, 'आपण' वेगळं.
ते 'आम्ही' आधी शिकले.
'मी' फार उशिरा,
शाळेत दोघांना दोन बाकांवर बसवल्यावर.
बाईंनी नाव विचारलं की फर्मिन
खिडकीजवळच्या बाकाकडे बघायचा,
नाव तिथे ठेवून आल्यासारखा.

सातव्या वर्षी गाठली रेघ.
फ्लोरिंदाने हिरव्या पेनाने दोन टिंबं काढली,
इतकी जवळ की एकच फुगलेलं वाटावं.
आता दोघं माझ्याहून भरभर बोलतात,
स्पॅनिशमध्ये भांडतात.

काल पहाटे, गोठलेले बटाटे अनवाणी तुडवताना
हिलारिओ म्हणाला,
"उद्या आपण लवकर येऊ."
मी मागे वळून पाहिलं.
मागे कुणी नव्हतं.

फर्मिन तापाने घरी होता,
हेही सांगितलं पाहिजे.