निम्मा हिशेब

तेरावं उरकून गेला, आणि चौथ्या दिवशी
श्रीरंगचा फोन, स्टुटगार्टहून:
"ताई, बाबांच्या अकरा वर्षांचा काय तो आकडा काढ.
निम्मा माझा."

आकडा काढणं माझं कामच.
भोसरीत, एकोणतीस वर्षं, कॉस्टिंग खात्यात.
एका बुशची किंमत मला पैशापर्यंत पाठ:
ओतकाम, लेथवरची चार मिनिटं, वीज, तेल,
वजा तासताना पडलेला चुरा,
भंगारवाला देईल त्या भावाने.

रविवारी कागद घेऊन बसले.
औषधं. डायपर. लंकाबाईंचा पगार, दिवाळीचं जादा.
दोनदा हवा गेलेली ती गादी.
कर्वेनगर ते हॉस्पिटल, रिक्षा, मीटरप्रमाणे,
आणि रात्री, रिक्षावाला म्हणेल तसं.
बेरीज दोनदा तपासली. जुळली.

मग सवयीने खाली एक ओळ सोडली
आणि ती काही केल्या रिकामी राहीना.

होसूरच्या प्लँटचं पत्र आलं होतं.
"घरगुती अडचणीमुळे" असं मी उत्तर टाकलं.
पगारातला फरक काढता येतो; काढलाही.
पण तिथे संध्याकाळी साडेपाचला सुटून
बाई काय करते,
ते कुठल्या दराने लावू?

हेगिष्टे दोनदा विचारून गेले.
तिसऱ्यांदा आले ते पत्रिका द्यायला.
चहा घेतला, साखर कमी सांगितली.
त्या चहाचा खर्च, फार तर सहा रुपये.

आमचे साहेब नव्या पोरांना सांगायचे:
मशीन एकच. त्यावर बुश काढला
तर त्या तासात गिअर निघत नाही.
न निघालेला गिअर कुठल्या गोदामात सापडायचा नाही,
पण बुशची खरी किंमत तोच.
पोरं लिहून घ्यायची.
मीही घेतलं होतं, कधीतरी.

इथवर आले आणि वाटलं, पाठवावंच हे सगळं.
पेनाला जोर चढला होता.

पण शेवटच्या उन्हाळ्यात
बाबा मला ओळखेनासे झाले होते.
"श्रीरंग, नखं काप रे," म्हणायचे.
मी कापायची.
एका दुपारी, डाव्या पायाच्या करंगळीशी आले असताना,
म्हणाले, "तुला त्या वर्षी सायकल घेतली नाही.
पैसे होते. उगाच नाही म्हटलं."
आणि रडायला लागले.
मी नेलकटर बाजूला ठेवून
त्याच्या वतीने म्हटलं, असू दे, बाबा.

माल त्याचा. पोच माझ्या सहीने.

सत्तावीस वर्षांत तिकडे त्याने काय काय जोडलं,
घर, मुली, ती बर्फातली गाडी,
त्याच्याही खाली एक ओळ असणार,
आणि तिच्यात काय येतं
हे त्याला ठाऊकसुद्धा नाही.

कागद उलटा केला. खालची ओळ सोडून
बेरजेला दोनाने भागलं:
अकरा लाख चाळीस हजार दोनशे बारा रुपये, पन्नास पैसे.
पन्नास पैसे ठेवले. सोडायची सवय नाही.

मेसेजमध्ये लिहिलं:
आकडा बरोबर आहे, सावकाश पाठव.
बाकीचं तू आलास की.
एक सायकलचंही आहे.