मगरीचं हृदय

अकरा वाजलेत. दांडिया बाजारातली शटरं कधीच खाली आली.
मी तिसऱ्यांदा हेन्लेच्या वळशापाशी येऊन थांबते
आणि द्रव कुठल्या बाजूला घट्ट होतो
ते तिसऱ्यांदा विसरते.

आई सांगलीची. तिच्या शाळेत पेशी म्हणजे पेशी.
माझ्या गुजराती पुस्तकात पेशी म्हणजे ऊती,
आणि तिची पेशी म्हणजे कोष.
उद्याच्या डब्याची मेथी निवडत ती प्रश्न विचारते,
मी बरोबर सांगते, ती म्हणते चूक,
मग मेथीच्या हातांनीच पान उलटतं.
त्या पानाला आता वास आहे.

हेत्वी म्हणते, आद्याक्षरांचं वाक्य कर, राहतं डोक्यात.
कवटीतल्या बारा नसांचं केलं होतं मी अकरावीत.
वाक्य अजून पाठ आहे.
नसा तेवढ्या गेल्या.

क्रेब्सचं चक्र भिंतीला चिकटवलंय, एक कोपरा सुटलाय,
पंख्यापुढे रात्रभर फडफडतं,
माझ्यात काही येत नाही उडून.

सरपटणाऱ्यांच्या हृदयाला कप्पे तीन,
मगरीला चार.
हे मात्र मी कधी पाठ केलं नाही.

सहावीत होते. पूर ओसरून तीन दिवस झालेले.
काळ्या घोड्याजवळच्या पुलावर बाबांनी स्कूटर थांबवली.
खाली विश्वामित्रीच्या गाळात एक ओंडका होता.
बराच वेळ तो ओंडकाच होता.
मग त्यानं डोळा उघडला.
बाबा म्हणाले, हिचं काळीज आपल्यासारखंच गं,
चार खोल्यांचं.
कुठं वाचलं होतं कोण जाणे,
ते वीज कंपनीत मीटर लिहितात.
मी त्यांच्या शर्टाची पाठ मुठीत धरली
आणि माझ्या चारही खोल्यांत एकदम दिवे लागले.

मगर दोन्ही भाषांत मगरच.

परवा पेपर. पानं तीनशे बारा.
प्रत्येक पानाला एक पूल हवा, खाली गाळ,
पुढे कुणाची तरी पाठ.
एवढे पूल नाहीत बडोद्यात.

"सांग, कुठं घट्ट होतो?" आई विचारते.
मी डोळे मिटते.
"उतरताना. पाणी बाहेर निघून जातं ना."
"थांब, बघते."

गुजराती ती अजून बोट ठेवून वाचते.
मी थांबते.
बोट ओळीच्या मध्यावर आलंय.